गेरूच्या रेघेपलीकडचा कापूस

मित्रांनो, फुंकणी म्हणतात मला. लोखंडाची पोकळ नळी, एवढाच काय तो माझा थाट. चुलीतला विस्तव फुलवायचा, हे माझं काम. आता फार बोलवत नाही, दमले आहे. पण विचारलंत म्हणून सांगते.

नागपूरच्या इतवारीतल्या एका लोहारानं पाण्याच्या जुन्या नळाचा तुकडा कापून मला घडवलं. पाचपावलीच्या मनकर्णाबाईंनी मला घरी आणलं. त्यांचे यजमान रामाजी कापडगिरणीत कामाला होते. ओली लाकडं, शेणाच्या गोवऱ्या आणि माझी फुंक. घरभर धूर व्हायचा. शेजारणी मनकर्णाबाईंच्या टम्म फुगलेल्या भाकरीचं कौतुक करायच्या. त्यातलं थोडं मी माझ्याकडे घ्यायची.

मग शामला झाली. पाचेक वर्षांची झाली आणि तिला दमा लागला. छाती सूं-सूं वाजायची, बोलताना वाक्य पुरं होत नसे. डॉक्टर म्हणाले, आधी घरातला धूर बंद करा. चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह आला आणि मी कोपऱ्यात पडले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. दम एकदम चढत नाही, त्याआधीच पोरीची फुंक कमी होते. तेवढं ओळखा आणि गोळी वेळेवर सुरू करा. आता घरी हे ओळखायचं कसं? मनकर्णाबाईंनी मला घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं. सारवलेल्या जमिनीवर गेरूची रेघ ओढली. माहेरचा, काटोलकडचा कापूस डब्यात होता, त्यातला एक पुंजका जमिनीवर ठेवला. रोज सकाळी शामलानं माझ्यातून फुंकायचं. कापूस रेघेपलीकडे गेला तर शाळा. अलीकडे राहिला तर गोळी, कोमट पाणी आणि घरीच पडून राहणं.

ही गोष्ट साधारण बहात्तर-त्र्याहत्तर सालची. मनकर्णाबाईंचा सगळा जीव त्या पुंजक्यात अडकलेला असायचा. दुपारी पाठ टेकली तरी कान शामलाच्या छातीकडे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. थकलेलं माणूस मला लगेच ओळखू येतं.

दसरा आला. वस्तीतले सगळे पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर निघाले. शामलालाही नवा पांढरा फ्रॉक शिवला होता. सकाळी ती फुंकायला बसली आणि मला कळलंच. फुंक मध्येच अडखळली, निम्मी बाहेर आलीच नाही. तरी कापूस भुर्रकन रेघ ओलांडून दारापर्यंत गेला. मी लोखंड, बोलू कशी? त्या धुळीत, त्या गर्दीत पोरीला दम चढला तर काय करतील ही माणसं? मला फार भीती वाटली.

रामाजी कुलूप घेऊन दारात उभे होते. मनकर्णाबाई कापूस उचलायला वाकल्या आणि बोटांत तो चोळत राहिल्या. लहानपणापासून कापूस वेचलेली बाई ती. हा गुळगुळीत होता, चमकत होता. शेतातला नव्हे, सावरीच्या झाडाचा, वाऱ्याच्या झुळकीनंही उडणारा. शामलानं तो उशीतून काढला होता.

"काहून वं शामले, उशी काहून उसवली?"

"मले तुमच्यासंग यायचं होतं, माय." एवढं बोलायलाही ती दोनदा थांबली.

मनकर्णाबाई रागावल्या नाहीत. पांढऱ्या लुगड्यातच खाली बसल्या. "मी लय थकली वं. या कापसाच्या भरवशावर दिवस काढून राहिली. तोच खोटा निघाला, तं मी कोणाकडं पाहू?"

रामाजी एकटेच गेले. गोळी वेळेवर पोटात गेली. संध्याकाळी दम चढला, पण हलका, आणि डॉक्टर गल्लीच्या टोकाशीच होते. शामला आईला टेकून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः डब्यातला काटोलचा कापूस काढला. फुंकला. तो रेघेच्या अलीकडेच थांबला.

"माय, नाही गेला," ती म्हणाली. "गोळी दे."

मनकर्णाबाईंनी गोळी दिली, आणि त्या दुपारी त्या चक्क घोरत झोपल्या. शामला जन्मल्यापासून मी त्यांना तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

पुढे शामला मोठी झाली, तिचा श्वास सुधारला. घरात गॅस आला. मी शेगडीमागे गंजत पडले आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं काय, लोखंडच. पण तुमच्या श्वासाकडे कुणी डोळे लावून बसलं असेल, तर त्याला खरं सांगा. तेवढ्यानं ते माणूस एक दुपार झोपतं.