दोन किल्ल्यांचं कुलूप

"किल्ली म्हणजे काय विस्तव आहे, शेजाऱ्यानं मागितला की द्यायला?" आत्या म्हणाली, आणि हातातली वाटाण्याची शेंग तिनं अशी मोडली की दारात उभ्या चिटणिसानं आपली बोटं खिशात घातली.

सकाळपासूनची त्याची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला तो सायकलवरून उतरलाच नव्हता, दुसऱ्या खेपेला उंबऱ्यापर्यंत आला होता, आता चपला काढून उभा होता. माणूस वाईट नव्हता. ओढा-मंडळाचं काम पोटच्या पोरासारखं करायचा. पण मंडळाला तीस वर्षं पुरी झाली होती, रविवारी समारंभ होता, शहरातून मोठे पाहुणे येणार होते आणि गड्याच्या पायाला भिंगरी लागली होती.

"आत्या, दोन तासांचा तर प्रश्न आहे. बंधाऱ्याचं दार उघडायचं, पाहुणे वाहता ओढा बघतील, फोटो निघतील, की बंद."

"आमच्याकडंही एक पाहुणा दोन तासांसाठी आला होता. आठव्या दिवशी त्याचं अंथरूण मी उन्हात घातलं."

चिटणिसानं आत्याचा नाद सोडला आणि पलीकडं बसलेल्या गवंड्याच्या लेकीकडं वळला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा."

लेक शहरात ग्रंथालय सांभाळायची. बाप गेल्याला सहा आठवडे झाले, तेव्हापासून रजा वाढवत इथंच होती. या सहा आठवड्यांत ती रडलेली कुणी पाहिली नव्हती, आणि मोठ्यानं बोललेलीही.

"पाणी रेघेच्या खाली आहे," ती म्हणाली.

ती रेघ मंडळातल्या पाचही गावांना ठाऊक होती. ओढ्यावर मंडळाचा बंधारा, बंधाऱ्याच्या वर डोह, आणि डोहाच्या काठाला एक उभा दगड. त्या दगडावर तिच्या बापानं छिन्नीनं आडवी रेघ कोरली होती. पाणी रेघेच्या वर असेल, तर दार उघडायचं आणि खालच्या गावाच्या मळ्यांना पाणी सोडायचं. रेघेच्या खाली गेलं, की पाऊस येईस्तोवर दाराला हात लावायचा नाही. मग डोहातले मासे जगतात, काठची झाडं तग धरतात आणि पाझरावर दोन्ही गावांच्या विहिरी चालतात. त्या दाराला एक अजब कुलूप होतं. दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय ते उघडत नसे. एक किल्ली वरच्या गावच्या गवंड्याकडं, दुसरी खालच्या गावच्या माळ्याकडं. माळ्याला जग 'हेकट' म्हणायचं, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

"फक्त चार बोटं खाली आहे, ताई."

"दोन तासांत वीतभर उतरेल. पावसाला अजून दोन महिने आहेत."

चिटणिसानं मग हळूच शेवटचा पत्ता काढला. "तुमच्या आबांच्या नावाची पाटी बसवतोय आम्ही. काळ्या दगडाची. बंधाऱ्यावरच. आबांच्या हाताखाली शिकलेल्या पाथरवटानं कोरलीय. दार उघडेल, पाणी वाहील, आणि पाहुणे पडदा बाजूला करतील. जन्मभर माणसानं लोकांच्या भिंती बांधल्या. एका तरी दगडावर त्यांचं नाव नको?"

लेकीच्या हातातला दाणा वाटीत न पडता भुईवर पडला.

"आणि हेकटकाकांनी त्यांची किल्ली दिलीसुद्धा," म्हणून त्यानं खिशातून लांब दांडीची, काळी पडलेली किल्ली काढून दाखवली. जाताना त्यानं समारंभाची स्मरणिकाही ठेवली. "तपासून ठेवा. शुद्धलेखनाच्या चुका तुम्हालाच दिसतात."

तो गेल्यावर आत्यानं भुईवरचा दाणा उचलून वाटीत टाकला. मग म्हणाली, "हेकटानं किल्ली दिली यात नवल नाही. तीस वर्षं तो उघडच म्हणत आला. दर दहाव्या दिवशी दोघं पाणी मोजायला जायचे आणि बंधाऱ्यावर असे भांडायचे, की मला इथं ऐकू यायचं. आरडाओरडा संपला, की मी चहाचं आधण ठेवायची. म्हटलं, झालं, आता माझा भाऊ घरी येतो." तिनं टरफलं झटकली. "तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना."

लेकीनं स्मरणिका चाळली. बाराव्या पानावर जुना फोटो होता. बंधाऱ्यावर पाहुण्यांची रांग, मागं दारातून उसळणारं पाणी, आणि एका कडेला, अर्धा कापला गेलेला, तरुण आबा. खाली ओळ होती : 'पहिल्याच वर्षी ओढा दुथडी भरून वाहिला.' तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. पाहुण्यांच्या डोक्यांवर छत्र्या होत्या, पण पावसाच्या नव्हेत, उन्हाच्या. काठचं गवत पांढरं पडलेलं. भर उन्हाळ्यात ओढा दुथडी?

ती उठली आणि बंधाऱ्यावरून पलीकडं निघाली.

डोह शांत होता. उतरलेल्या पाण्याच्या कडेनं चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या. तिनं दगडाशी वाकून बोटं लावली. चार, आणि वर थोडं. खाली सावलीत माशांची काळी फळी एकदम वळली, जणू सगळ्यांना एकच मान होती.

हेकट माळी टोमॅटोच्या सरीत काठ्या बांधत होता. तिला पाहून त्यानं सुतळीची गाठ दातानं ओढली. "ये. बाप आला नाही सहा आठवड्यांत, निदान तू आलीस."

"काका, किल्ली का दिलीत?"

"मागितली, दिली. एका किल्लीनं काय उघडतं? तुझं डोकं?"

"मी दिली असती तर?"

"तर कळलं असतं, की वरच्या गावात आता कुणी नाही." तो सरीच्या बांधावर बसला. गुडघे काटक्यांसारखे वाजले. "बस. ढेकळं चावत नाहीत."

ती बसली आणि स्मरणिका उघडून तिनं फोटो त्याच्यासमोर धरला. त्यानं हात लांब करून बघितलं आणि थुंकला, पण लांब, अदबीनं.

"छापलं का हे? लाज विकून खाल्ली. पोरी, ह्या दिवशी दार आम्हीच उघडलं. तुझ्या बापानं आणि मी. तेव्हा कुलूप नव्हतं, रेघ नव्हती. मंडळ नवं, आम्ही नवे. पाहुणे येणार, दोन तास उघडा म्हणाले. उघडलं. पाहुणे दुपारी आले. मग भाषणं. मग जेवण. मग एकाला फोटो पुन्हा हवा. दिवस मावळताना बंद करायला गेलो, तर बंद करायला उरलं होतं काय? चिखल." त्यानं सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली. "मासे तीन दिवस मरत होते. आम्ही दोघं टोपल्यांनी उचलायचो आणि खड्ड्यात पुरायचो. गावं नाकाला फडकी लावून काठावर उभी. खड्डा बुजवला, तुझ्या बापानं छिन्नी घेतली आणि रेघ मारली. मी लोहाराकडं गेलो, दोन किल्ल्यांचं कुलूप करून आणलं. कानाला खडा."

"मग तुम्ही तीस वर्षं उघड उघड म्हणून का भांडलात?"

हेकट हसला. तोंडात दात मोजकेच होते, पण हसू पुरेपूर होतं. "अगं, मला खालच्या गावात राहायचं होतं! मळे वाळताना मी 'नाही' म्हणालो असतो, तर माझ्याच भावकीनं मला विहिरीत ढकलला असता. म्हणून मी उघड म्हणून बोंबलायचं, त्यानं नाही म्हणायचं. मग मी गावात जाऊन सांगायचं, बाबांनो, मी जिवाचं रान केलं, पण वरचा गवंडी ऐकत नाही. पहिल्या वर्षीच ठरलं होतं. पाच गावं ह्या भांडणावर चालली. मंडळाच्या ठरावांवर नव्हे." त्यानं फोटोतल्या आबावर बोट ठेवलं. "माझ्या गावानं तीस वर्षं त्याला शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या वाट्याच्या होत्या. त्यानं सगळ्या खाल्ल्या. कधी एका शब्दानं बोलला नाही."

"घरीसुद्धा नाही," लेक म्हणाली.

"गवंडीच तो. सांधा दिसू देईल होय?"

तिनं चिखलानं भरलेल्या आपल्या चपलांकडं पाहिलं. पाटीचं तिनं त्याला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं, तर दुसरंच काही बाहेर येईल, अशी तिला भीती होती.

रविवारी बंधाऱ्यालगत मांडव पडला. पाचही गावं लोटली होती. पहिल्या रांगेत पाहुणे, घाम टिपत. बंधाऱ्यावर पडद्याखाली ती पाटी. चिटणिसानं दोनदा घड्याळ बघितलं आणि, लेकीचा होकार आला नव्हता तरी, ध्वनिवर्धकावरून म्हणाला, "आता कैलासवासी आबांच्या कन्या आपल्या हातानं..."

लेक उठली. किल्ली तिच्या मुठीत होती. चिटणिसाचा जीव भांड्यात पडला. पण ती दाराकडं न जाता ध्वनिवर्धकाकडं गेली.

"स्मरणिका तपासायला मिळाली होती," ती म्हणाली. आवाज इतका हलका, की मागची माणसं पुढं सरकली. "शुद्धलेखन ठीक आहे. बाराव्या पानावर एक चूक आहे. ओढा दुथडी भरून वाहिला, असं लिहिलंय. तो वाहिला नव्हता. पाहुण्यांसाठी सोडला होता." आणि मग तिनं सांगितलं. चिखल, तीन दिवस, टोपल्या, खड्डा. एकही विशेषण न लावता सांगितलं. म्हातारी माणसं माना खाली घालून ऐकत होती. त्यांना सगळं आठवत होतं. तीस वर्षं ते कुणी काढलं नव्हतं, इतकंच.

"पाणी रेघेच्या खाली आहे. मी किल्ली लावणार नाही."

"ताई," चिटणीस कुजबुजला, "अहो, पाटी..."

"पाटी न्या. त्यांनी कोरलेली एक रेघ आहे तिथं. तेवढी पुरे."

खालच्या गावाच्या बाजूनं गलका उठला. "बापासारखीच निघाली!" "मेला तरी आडवाच!" "पाणी काय ह्यांच्या आज्यानं खणलंय?" कुणी तरी ओरडलं, "हेकटमामा, उठा की! सांगा हिला!"

हेकट उठला. तीस वर्षांचा सराव असलेला गळा त्यानं खाकरून मोकळा केला आणि चिटणिसासमोर हात पसरला.

"माझी किल्ली दे."

चिटणिसानं दिली. त्यानं ती सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली, वरून थोपटली आणि आपल्या गावाकडं तोंड केलं.

"नाही," तो म्हणाला. "दार उघडायचं नाही. हे मी म्हणतोय. पोर नाही, मी. काय शिव्या द्यायच्या त्या आता मला द्या. एक दिवस तरी माझ्या मला खाऊ द्या."

शिव्या आल्या. त्याच्या पुतण्यानंच सुरुवात केली. म्हातारा ताठ उभा राहून ऐकत राहिला, दाढी करून घेणाऱ्या माणसासारखा. पाहुणे शेजाऱ्याला विचारू लागले, की ही रेघ म्हणजे नेमकं काय. मग उठून, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, स्वतःच चिखलात उतरले आणि दगडाला बोटं लावून आले. चिटणिसानं तोच फोटो काढला. दुसरं काढण्याजोगं काही नव्हतंच. त्या दिवशी दारातून थेंबही गेला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी लेक बंधाऱ्यावर गेली. रजा संपली होती, पण शहरातून दर दहाव्या दिवशी इथं यायला पहिली गाडी कधी, हे तिनं विचारून ठेवलं होतं. हेकट आधीच येऊन बसला होता. कपाळावर टेंगूळ होतं.

"पुतण्यानं?"

"खांबानं. पुतण्यानं फक्त ढकललं." तो उठला. "किती?"

तिनं वाकून बोटं लावली. "सहा."

"उघड," हेकट म्हणाला.

तिनं वर पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच खालच्या गावाकडं खूण केली. तिथं मळ्यांमध्ये माणसं हात थांबवून इकडंच बघत होती.

"उघड म्हणतो ना मी!" तो ओरडला. "माझे मळे वाळले!"

"नाही," ती म्हणाली.

"मोठ्यानं गं. हे काय ग्रंथालय आहे?"

"नाही!" ती ओरडली, आणि सहा आठवडे, दहा दिवस आणि वर आणखी काय काय घशात साठलं होतं ते सगळं त्या शब्दामागून आलं. "नाही! नाही उघडणार! कुणीही या, नाही!"

डोहातले मासे दचकून खोल गेले. हेकट पाठ फिरवून, हात नाचवत, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खालच्या गावाकडं चालू लागला. मळ्यातल्या माणसांनी मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. लेक दगडाशी उभी होती, गाल ओले, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मग तिनं वर घराकडं पाहिलं.

धुराड्यातून धूर निघत होता. आत्यानं चहाचं आधण ठेवलं होतं.