दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

जून २०२१. मिसबाहचा ताप पाचव्या दिवशीही उतरला नव्हता. सात वर्षांची पोर पोट धरून कळवळत होती, डोळे लालबुंद झाले होते. पहूरहून तिला जळगावच्या एका खासगी दवाखान्यात आणलं. सर्जननी पोट दाबून पाहिलं आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरवलं. कोरोनासाठी घेतलेल्या नाकातल्या स्वॅबचा रिपोर्ट निगेटिव्ह होता.

बालरोगतज्ज्ञ डॉ. योगराज यांना ते पटेना. त्यांनी दवाखान्याच्या लॅबमधल्या टेक्निशियन शिल्पाला फोन केला.

"कोरोना होऊन गेल्यावर महिनाभराने काही मुलांना असं होतं. रक्तातल्या अँटीबॉडी बघ. तसं असेल तर ऑपरेशन जिवावर बेतेल. बीपी उतरत चाललंय. सर्जन तासभरच थांबणार आहेत."

शिल्पाने मिसबाहच्या रक्ताची नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली. वर पिवळसर पाणी दिसायला हवं होतं. ते लाल होतं. रक्तपेशी फुटल्या होत्या. तसंच मशीनला लावलं तरी आकडा आला असता, पण त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

ती सिरिंज घेऊन वॉर्डाकडे धावली.

"पुन्हा?" मिसबाहचे वडील नूर महंमद आडवे आले. गाद्या भरण्याचं काम अर्धवट टाकून आले होते, दाढीत अजून कापूस होता. "ताई, आमच्या घरात कोणालाच कोरोना झाला नव्हता. कशाला वेळ घालवता?"

"भाऊ, पहिलं रक्त खराब निघालं. चुकीचा रिपोर्ट मी देणार नाही."

हाताची शीर सापडेना. मिसबाहची आजी खातून हिने नातीचा पाय घट्ट धरला. पावलाजवळच्या शिरेतून शेवटी रक्त आलं.

मशीनला अर्धा तास लागणार होता. सर्जन दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले. शिल्पाच्या ग्लोव्हजमध्ये घाम साचला होता.

पॉझिटिव्ह. मुलांना लस अजून सुरूच झाली नव्हती, म्हणजे या अँटीबॉडी कोरोना होऊन गेल्यामुळेच आल्या होत्या.

ऑपरेशन थांबलं. सलाईनमधून औषधं सुरू झाली. डॉ. योगराजांनी समजावून सांगितलं तरी नूर महंमद म्हणतच होते, "साहेब, घरात कोणालाच नव्हता."

"मला होता," खातून म्हणाली. "ईदच्या आधी. कशाचाच वास येत नव्हता. कोविड सेंटरला उचलून नेतील म्हणून बोलले नाही. ही माझ्याजवळच झोपायची."

"अम्मी!" नूर महंमद एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

दोन दिवस बीपी वरखाली होत राहिलं. औषधं सुरू झाल्यापासून चौथ्या दिवशी ताप गेला. शिल्पा तपासणीचं रक्त घ्यायला आली, तेव्हा खातून वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. कबुली दिल्यापासून ती आत गेली नव्हती.

"आत जा ना, मावशी."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

तेवढ्यात दार उघडून नूर महंमद बाहेर आले. आईकडे न बघताच म्हणाले, "अम्मी, ती कोणाच्याच हातून जेवत नाहीये. तुम्हीच भरवा."