ब्रेकच्या डब्यातलं तेल

पहिला फटका यांच्या कानशिलावर बसला तेव्हा मी बाळाला पाजत होते. हे, म्हणजे माझे घरधनी, डोमाजी मिस्त्री. मावला गावात रस्त्यालगत आमचं टिनाचं गॅरेज, त्याच्याच मागे घर. मी धावत बाहेर आले तर तेलगिरणीवाले सुधाकरराव जॅकचा दांडा घेऊन उभे. मागे त्यांची जुनी अँबेसेडर, नाक चेपलेली. ट्रॅक्टरवाला ती ओढत आणून, सोडून निघूनही गेला होता.

"आठ दिसांमागं ब्रेकचे रबर बदलले ना बे तू? जैनथच्या उतारावर ब्रेकच लागला नाही. माह्या भावाचे दोन्ही पाय गेले!"

"मालक, मी..."

दुसरा फटका पाठीत. हे गुडघ्यांवर आले. गिरणीतला गडी धोंडीबा, त्यानं यांचा उजवा हात ओढून दगडावर दाबून धरला.

सुधाकररावांनी दांडा उगारला. "हा हातच ठेचतो."

मी बाळासकट मधे शिरले. ते किंचाळत होतं, हनुवटीवर दूध तसंच.

"आधी गाडी खोलून पाहा. यांची चूक निघाली त मीच हात धरून देते."

दांडा वरच थांबला. "खोल बे."

कानातून रक्त गळत होतं आणि हे पाने लावून बोल्ट सोडवत होते. आतलं रबर निघालं ते फुगलेलं, पाण्यात पडलेल्या पापडासारखं लिबलिबीत. आठ दिवसांत नव्या रबराचं असं होत नाही. यांनी ब्रेकच्या डब्यातलं तेल वाटीत काढलं, बोटांवर चोळलं आणि वाटी माझ्यापुढे केली. वास माझ्या चुलीवरचाच होता. घमेल्यातल्या पाण्यात चार थेंब सोडले. ब्रेकचं तेल पाण्यात विरून जातं. हे पिवळं, वरच तरंगत राहिलं.

"सरकीचं हाय," मी म्हटलं. "खायचं. त्यानंच रबर फुगलं."

धोंडीबानं यांचा हात केव्हाच सोडला होता. "मालक, परवा डब्यात तेल कमी दिसलं त तुमीच म्हणले, बजारात काऊन जातं, घरचं हाय ना, तेच ओत..."

"मी म्हणलं? मी?"

दांडा धोंडीबाच्या डोक्याकडे आला. यांनी हात मधे घातला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला.

सुधाकरराव पांढरेफटक पडले. "गाडीत घाला याले! दवाखान्यात..."

कोणी हललं नाही. गाडीचे ब्रेक पोत्यावर सुटे पडले होते.

मी बाळाचं दुपटं फाडलं, मोडक्या हाताला लांब पाना लावून घट्ट बांधलं. धोंडीबा रडत खाली बसला, यांना पाठीवर घेऊन उठला.

"हळू चाल बे," हे त्याच्या कानाशी म्हणाले, "तुले तरी ब्रेक हायेत ना?"

आम्ही दवाखान्याच्या रस्त्याला लागलो. सुधाकरराव मागून येत होते, दांडा अजून मुठीत. मी वळले.

"आधी तो खाली ठेवा."

त्यांनी ठेवला.