तेवीस ओळी

"तेवीस," वसंतराव म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून सरजाबाईपुढे सरकवला. "मोजा. तुमच्या नातीनं एकच प्रोग्राम तेवीस वेळा उघडून ठेवला होता. तोही पोरांची परीक्षा चालू असताना."

"मला वाचता येत न्हाई हे तुमाला ठावं हाय, मास्तर," सरजाबाई म्हणाली. "म्हून कागद फुडं सारला का?"

वसंतरावांनी चष्मा काढून पुसला. लातूरच्या ट्यूशन भागात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. त्यातला चाळीस कॉम्प्युटरांचा हॉल सरजाबाईची नात महामाया सांभाळायची. सगळी मशीनं लिनक्सवर चालत. रविवारी सराव परीक्षा मध्येच पाऊण तास अडकली आणि पालकांनी जिन्यात गोंधळ घातला. तेव्हा वसंतरावांनी मुख्य मशीनवर सिस्टम मॉनिटर उघडला. मशीनमध्ये त्या घडीला काय काय चाललंय त्याची यादी तो दाखवतो. त्या यादीत इंटरनेट बघायच्या फायरफॉक्स प्रोग्रामच्या तेवीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे महामायाचं नाव. चाळीस पोरांदेखत ते म्हणाले होते, "हिनं मशीन खाल्लं."

आता माफीनामा टाइप करून तयार होता. मी खासगी कामासाठी मशीन वापरलं, त्यामुळे परीक्षा थांबली. पाच वाजेपर्यंत सही हवी होती. ती सही झाली की या भागातला एकही क्लास पोरीला दारात उभं करणार नव्हता.

सरजाबाईचं डोकं तापलं होतं, आणि त्यातला निम्मा ताप स्वतःवरचा होता. सकाळी तिनेच पोरीला विचारलं होतं, "खरं सांग, काय बघायली व्हतीस तेवीस येळा?" पोरगी ताटावरून उठून गेली होती.

"सर, मी एकदाच उघडला होता," मुख्य मशीनपुढच्या खुर्चीतून महामाया म्हणाली. रात्रभर न झोपल्याने तिचा आवाज बसला होता. "तो स्वतःचेच तुकडे करून कामं वाटून घेतो. एका पानाला एक, चित्रं काढायला एक, आवाजाला एक. एखादा पडला तरी बाकीचे चालत राहावेत म्हणून. यादीत प्रत्येकाची ओळ वेगळी येते. पण प्रोग्राम एकच."

"मला शिकवू नकोस. मेमरीचा रकाना बघ. तेवीस ओळींची बेरीज केलीय मी. अकरा जीबी."

"त्याची बेरीज करायची नसते, सर. सगळ्यांचा मिळून जो भाग असतो, तो प्रत्येकाच्या ओळीत परत परत धरलेला असतो."

"वा. म्हणजे बेरीज करणारा मी मूर्ख."

"जीबी म्हंजी काय ते ऱ्हाऊ द्या," सरजाबाई मध्येच म्हणाली. "माये, ह्या मशीनीच्या पोटात समदं मिळून मावतं किती?"

"आठ."

"आन् ह्यांनी काढलं अकरा." ती वसंतरावांकडे वळली. "आठ शेराच्या हंड्यातून अकरा शेर पाणी उपसलं व्हय, मास्तर? लई शिकलाव."

 वसंतरावांनी कागद उलटा फिरवून पुन्हा सुलटा केला.

सरजाबाईला तो कागद दिसत नव्हता. तिला दिसत होता औशाकडचा एक कारकून, पत्र्याच्या शेडखाली मांडी घालून बसलेला. भूकंपाला तेव्हा महिना झाला होता. तिचा नवरा ग्यानोबा आणि धाकटी सून भिंतीच्या दगडांखाली गेले होते. उरलेले चौघे चार ठिकाणी होते. ती छावणीत, थोरला लेक आनंदराज लातूरच्या दवाखान्यात, धाकटा सोलापूरच्या, थोरली सून माहेरच्या तंबूत. कारकुनाची माणसं प्रत्येकाला वेगवेगळी भेटली. भरपाईसाठी घरात काय होतं, विचारलं. प्रत्येकाने खरं तेच सांगितलं. एक म्हैस, एक शिलाई मशीन, एक रांजण. कारकुनाने चार कागद जोडले आणि चार म्हशी, चार शिलाई मशीनं, चार रांजण लिहून काढले. मग रांगेतल्या सगळ्यांदेखत तो म्हणाला, "या वस्तीत चार शिलाई मशीनं? मेलेल्यांच्या नावावर लुटायला निघालात."

ती सांगत राहिली, चूल एकच हाय साहेब, माणसं चार. त्याने 'खोटी माहिती दिली' असा कागद केला आणि अंगठा दिल्याशिवाय शेड मिळणार नाही म्हणाला. थंडी पडायला लागली होती. आनंदराजच्या पायात सळई होती. तिने अंगठा दिला. पुढं कितीतरी वर्षं वस्तीवर कुणी चार माणसं हसली की तिला वाटायचं, तेच बोलत असतील.

"एक चूल असती, मास्तर," ती म्हणाली. "कुणी पाण्याला जातं, कुणी रानात, कुणी लेकरू घेतं. तुमी दारात उभं ऱ्हाऊन डोकी मोजली आन् म्हणलाव, हितं तेवीस घरं हायती. वर एकच रांजण तेवीस जणांच्या नावावर मांडला. आन् चोर कोण, तर ही."

"बाई, आवाज कमी करा."

"करते. तुमी तुमच्या नावानं उघडा. एकच पान. मग दोघं मिळून मोजू."

महामायाने खुर्ची मोकळी करून दिली. वसंतरावांनी स्वतःचा पासवर्ड टाकला, फायरफॉक्स उघडला, क्लासच्या जाहिरातीचं एकच पान लावलं. मग यादी. सरजाबाईने पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोजली. वाचता येत नसलं तरी मोजण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

"बारा. आन् हे म्होरचं नाव कुणाचं, माये?"

"सरांचं."

"बारा येळा उघडलंव, मास्तर? काय बघायलाव?"

बाहेर पाणी प्यायला आलेल्या दोन पोरी एकमेकींकडे बघून तोंड दाबत निघून गेल्या. वसंतरावांनी यादी बंद केली.

"मग अडकलं कशानं?" त्यांनी विचारलं, महामायाकडे न बघता.

"नेटवर्कचा स्विच तापतो, सर. चाळीसही मशीनं त्यातूनच जोडलीत. मी जूनमध्ये अर्ज दिला होता. त्या कपाटात आहे."

वसंतरावांनी कपाटाकडे पाहिलं, पण ते उठले नाहीत. माफीनामा त्यांनी घडी घालून खिशात टाकला. "बरं, झालं गेलं. गैरसमज होतो माणसाचा. आजपासून काम सुरू कर."

"तो कागद फाडा," सरजाबाई म्हणाली.

त्यांनी तो फाडला. चार तुकडे झाले.

"आता हॉलमधी चला."

"आता पेपर चालू आहे, आजी."

"रविवारी बी चालूच व्हता."

पोरं मान खाली घालून पडद्यांकडे बघत होती. वसंतराव फळ्यापाशी उभे राहिले, घसा खाकरला. "रविवारी जे झालं, त्यात महामाया मॅडमची चूक नव्हती," ते म्हणाले. पहिल्या ओळीतल्या दोघांनी वर पाहिलं.

"मागं ऐकू न्हाई गेलं," दारातून सरजाबाई म्हणाली.

वसंतरावांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. चाळीस माना वर झाल्या. महामाया मात्र खाली वाकून स्विचला हात लावून बघत होती. तो तापायला लागला होता. तिने टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

माना परत खाली गेल्या. पेपर सुटायला अजून दीड तास होता. सरजाबाई दाराला हात लावून उभी राहिली. तिला बसा म्हणायला कुणी उठलं नाही, आणि ती बसली नाही.