दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

तिला सगळे सुईताई म्हणत. गाण्याच्या तबकड्या कोरण्याचं काम करणारी त्या भागात ती एकटीच उरली होती. छापखान्याच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. मधोमध कोरायचं यंत्र, त्यावर वाकलेला मायक्रोस्कोप, भिंतीला लागून एक अरुंद सोफा आणि कोपऱ्यात तबकडी वाजवून बघायला प्लेअर. दिवसभर वाकून मान आखडायची आणि डोळ्यांपुढे घरी गेल्यावरही काळ्या रेघा फिरत राहायच्या. नवरा रात्रपाळीला, ही दिवसपाळीला. दोघांची भेट व्हायची ती दारात, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात किल्ली जाताना.

त्या दिवशी दुपारी एक जोडपं आलं. जोडपं म्हणायचं ते सवयीनं, कारण त्यांचा घटस्फोट होऊन दोन महिने झाले होते. आधी तो आला. गाणी बांधणारा, गिटार वाजवणारा, दाढी वाढलेला. ती दहा मिनिटांनी आली, नोकरीवरून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. ती गायची. लग्न टिकून होतं तेव्हा दोघांनी मिळून एक अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. काही गाणी त्याची, काही तिची, एक दोघांचं. लग्न मोडलं तरी तबकडीच्या प्रती काढणाऱ्या कारखान्यानं दिलेली तारीख मोडत नव्हती. मुखपृष्ठसुद्धा छापून झालं होतं, दोघांच्या हसऱ्या फोटोसकट.

"अठ्ठावन्न मिनिटं आहेत," सुईताई घड्याळ बघत म्हणाली. "बसणार नाहीत."

"रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड," तो म्हणाला. "बारा इंची आहे ना? मग?"

हे समजावून सांगायची तिच्यावर आठवड्यातून दोनदा तरी वेळ यायची. तिनं एक जुनी तबकडी उचलून उजेडात धरली. "हे बघा. बारा इंची, मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी, म्हणजे एलपी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं निवांत मावतात. त्याहून जास्त कोंबली की रेघा बारीक कराव्या लागतात आणि आवाज मरतो. शेजारच्या खोलीतून कुणीतरी गातंय असं वाटतं."

"आणि सिंगल?" गायिकेनं विचारलं.

"ती सात इंची. पंचेचाळीस फेऱ्यांची. प्रत्येक बाजूला एकेक गाणं."

"आणि ते ईपी म्हणतात ते?"

"सिंगलपेक्षा मोठी, एलपीपेक्षा लहान. चार-पाच गाण्यांची."

तो एकदम सरसावून बसला. "मग दोन ईपी काढू ना. एक हिची, एक माझी."

"वा," ती म्हणाली. "आता तबकडीचाही घटस्फोट."

सुईताईला हसू आलं, पण हसायलाही त्राण लागतं. तिनं सांगितलं की कारखान्यात जागा ठरली आहे ती एका बारा इंचीची. बदल करायचा तर पुन्हा रांगेत उभं राहायचं, पुढच्या वर्षापर्यंत. शिवाय छापलेल्या मुखपृष्ठांचं काय करायचं? त्यापेक्षा तीनचार गाणी कमी करा.

आता तिला वाटलं, भांडण जुंपणार. बँडमधली माणसं स्वतःच्या एका गाण्यासाठी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली तिनं पाहिली होती. पण झालं भलतंच.

"माझी काढा," तो म्हणाला.

"काही नको. माझी काढा," ती म्हणाली.

"तुझी चांगली आहेत."

"उगाच मोठेपणा दाखवू नकोस. मग जन्मभर सांगत फिरशील, तिच्यासाठी मी माघार घेतली."

"मी कुणाला काय सांगणार? माझ्याशी बोलतंय कोण?"

हे असं बराच वेळ चाललं. आवाज कुणाचाच चढला नाही. दोघंही इतकी दमलेली होती की भांडणसुद्धा बसल्या बसल्या, पाठ टेकून चाललं होतं. आणि सोफा एकच असल्यामुळे गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून दोघंही अंग चोरून बसली होती.

शेवटी सुईताई म्हणाली, "मी ठरवते. मला सहाला घरी जायचंय."

दोघांनीही हुश्श केलं.

तिनं सगळी गाणी थोडी थोडी ऐकली. दोघांचं एकत्र गाणं नऊ मिनिटांचं होतं. ते काढलं की बरीच जागा होत होती. "हे नंतर वेगळं काढता येईल," ती म्हणाली. "बारा इंचीच्या एका बाजूला एवढं एकच. दुसरी बाजू कोरी ठेवायची. काही लोक ठेवतात तशी."

"वेगळं नको," दोघं एकाच वेळी म्हणाली आणि मग दोघांनीही जमिनीकडे पाहिलं.

दोघांचं ते गाणं गेलं. त्याचं एक गेलं, तिचं एक गेलं. उरलेल्यांचा क्रम सुईताईनं स्वतः लावला. कुणाचं गाणं कुठलं हे बघितलंच नाही. तबकडीच्या कडेला सुईला पळायला मोकळी जागा असते, आत लेबलाजवळ सगळं आकसतं आणि 'स', 'श' खरखरायला लागतात. म्हणून मोठ्या आवाजाची गाणी बाहेर, शांत गाणी आत. "नवराबायकोचं असं लावता आलं असतं तर," असं काहीतरी तिच्या तोंडावर आलं होतं, ते तिनं गिळलं.

मग तिनं लाखेचा लेप दिलेली कोरी चकती यंत्रावर ठेवली. "आता बावीस मिनिटं थांबता येणार नाही. मध्येच काही झालं तर सगळी बाजू वाया. चालू नका, पाय आपटू नका."

सुई तापली, खाली टेकली आणि चकतीतून कोरलेला काळा, केसाएवढा बारीक धागा निघून नळीत ओढला जाऊ लागला. सुईताई मायक्रोस्कोपवर वाकली. दुसरं गाणं संपता संपता मागून एक आवाज यायला लागला. गिटारवाला मान मागे टाकून घोरत होता.

गायिका घाबरून पुढे झुकली आणि कुजबुजली, "ताई, हे आत जाईल का?"

"नाही. गाणं तारेतून येतंय. खोलीतलं काही जात नाही."

"नक्की ना? फार मोठं घोरतो हो. शेजारी भिंत वाजवायचे."

"नक्की."

गायिका मागे टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "नव्या खोलीत त्याला झोप लागत नाही म्हणे. त्याची बहीण सांगत होती. समोर रस्त्याचा दिवा आहे." मग तिनं त्याच्या मांडीवरून घसरत चाललेली गाण्यांच्या कागदांची फाईल अलगद उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली. बाजू पूर्ण होईपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही.

काही आठवड्यांनी कारखान्यातून टेस्ट प्रेसिंग आलं, म्हणजे हजारो प्रती काढण्याआधी तपासायला पाठवतात त्या दोन तबकड्या, कोऱ्या पांढऱ्या लेबलाच्या. एक त्याच्याकडे गेली, एक तिच्याकडे. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गायिका सुईताईकडे हजर.

"माझ्याकडे वाजवायला काही नाही," ती म्हणाली. "वाटणीत प्लेअर त्याला गेला. मला कपाट आलं."

सुईताईनं तबकडी लावली. पहिली बाजू स्वच्छ. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात मात्र टक्, टक् असा आवाज, प्रत्येक फेऱ्याला. गाणं तिचं होतं, अगदी हळू आवाजातलं. तबकडी पुसून पाहिली. पुन्हा टक्. मायक्रोस्कोपखाली एक ठिपका दिसला, पण तो फक्त याच प्रतीत आहे की कोरलेल्या चकतीवरून कारखान्यानं बनवलेल्या साच्यातच, हे कळायला मार्ग नव्हता. साच्यात असेल तर ती बाजू पुन्हा कोरायची. सुईताई मटकन खुर्चीत बसली.

"दुसरी प्रत ऐकावी लागेल," ती म्हणाली. "त्यांना फोन करा."

"तुम्हीच करा ना."

"मी दमलेय हो," सुईताई म्हणाली. तिनं हे इतकं सरळ सांगितलं की गायिकेनं निमूट फोन काढला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"बोल," पलीकडून तो म्हणाला. वकिलांशिवाय फोनवर बऱ्याच दिवसांत ती दोघं बोलली नसावीत. आवाजात सावधपणा होता.

"दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लाव. टकटक येतेय का बघ."

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, भांडी असावीत. मग सुई टेकली आणि फोनमधून तिचाच आवाज आला, लांबचा, पत्र्यातून आल्यासारखा. सुईताई कान देऊन ऐकत होती. टकटक नव्हती. पहिल्या कडव्यातच ते कळलं होतं, पण त्यानं गाणं थांबवलं नाही आणि हिनंही थांबव म्हटलं नाही. तिघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"मग माझीच प्रत खराब."

"माझी पाठवून देऊ?"

"नको. वाजवू कशावर?" ती म्हणाली. "जेवलास?"

"जेवतोच होतो."

"खिडकीला जाड पडदा लाव. झोप लागेल."

"लावतो," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू बरी आहेस ना?"

"आहे. पाय दुखतात. ठेवते."

फोन ठेवून तिनं तळव्यांनी डोळे दाबले. सुईताईनं पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिनं अर्धा प्यायला. मग कारखान्याला होकार कळवून टाका म्हणाली आणि खराब प्रत तिथेच ठेवून निघून गेली.

तबकडी ठरल्या वेळी बाजारात आली. बरी चालली. ती दोघं पुन्हा एकत्र राहायला गेली नाहीत. पण अधूनमधून कार्यक्रमाला एकत्र उभी राहू लागली आणि तेव्हा ऐन वेळी ठरायचं की आज पहिलं गाणं कुणाचं. सुईताई कधी गेली नाही. संध्याकाळी तिच्या कानांना काहीच नको असायचं.

गायिका खराब प्रत ठेवून गेली त्या संध्याकाळी सुईताईनं यंत्र पुसलं, सुईवर टोपण घातलं. दुसऱ्या दिवशी एका नव्या पोरांच्या बँडची सिंगल होती, दोन गाणी, दोन बाजू. त्यातलं पहिल्या बाजूला कुठलं घालायचं यावरून त्यांचे सकाळपासून सात फोन येऊन गेले होते. आठवा वाजला तेव्हा तिनं तो वाजू दिला आणि दिवा मालवला.