बरोबर उत्तर

बाईंनी टिल्लीच्या हाताच्या पालथ्या बाजूवर सोनेरी चांदणी चिकटवली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली.

"आता परत एकदा. मॅडमनी विचारलं, तुला कुणाकडे राहायचंय?"

"मला आईकडेच राहायला आवडतं," असं म्हणून टिल्लीनं दुसरा हात पुढे केला.

त्याही हातावर चांदणी आली. दोघी मायलेकी कोर्टाच्या जिन्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. अकरा वाजता समुपदेशक मॅडम टिल्लीशी बोलणार होत्या. ही पाच वर्षांची पोर आईकडे राहणार की बापाकडे, ते त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं.

बाई बालवाडीत शिकवायच्या. रडणाऱ्या, चावणाऱ्या, चड्डी ओली करणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी याच चांदण्यांवर वळण लावलं होतं. बरोबर वागलं की चांदणी. चुकलं तर ओरडायचं नाही, मारायचं नाही, नुसतं दुसरीकडे बघायचं. हमखास गुण येतो, असं त्या नव्या शिक्षिकांना मोठ्या ऐटीत सांगायच्या.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी घरी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा टिल्ली म्हणाली होती, "दोघांकडे." बाई पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालत बसल्या. तास झाला तरी बोलल्या नाहीत. पोरगी हुशार, चौथ्या दिवशी उत्तर तोंडपाठ! पोटच्या पोरीशी असं वागताना बाईंचा जीव तुटत होता, खोटं कशाला बोला. पण हिला नेलं तर आपल्याला उरतं काय? आणि दर रविवारी तिकडे तिचा बाप तरी हातावर हात ठेवून थोडाच बसला होता!

अकरा वाजता मॅडमनी दोघींना खोलीत घेतलं आणि बाईंना दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. "एक शब्द बोलायचा नाही. मानही हलवायची नाही. दुपारी वडील येतील, त्यांनाही हेच."

मग मॅडमनी टिल्लीला पडलेल्या दाताबद्दल विचारलं, नव्या बुटांबद्दल विचारलं. टिल्ली खुलली. बूट पळताना लागतात, असं गुपितही तिनं सांगून टाकलं. ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"बरं, तुला कुणाकडे राहायला आवडेल गं?"

"मला आईकडेच राहायला आवडतं." एका दमात, खणखणीत. आणि टिल्लीनं हात पालथा करून मॅडमच्या टेबलावर ठेवला. तसाच ठेवून वाट बघत राहिली.

मॅडमनी हाताकडे पाहिलं, चांदणीकडे पाहिलं, मग दाराकडे. बाईंचे कान गरम झाले. मेलं, एवढ्यासाठी केला होता का सगळा खटाटोप?

"आणि बाबांनी विचारलं तर काय सांगतेस?"

टिल्ली खुर्चीवरून उतरली.

"मला बाबांकडेच राहायला आवडतं," ती म्हणाली आणि उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर केले.

बाईंना हायसं वाटलं. सापडला! खांद्यावर नाचवून शिकवलंय वाटतं मेल्यानं! क्षणभर त्यांना हसूच आलं. मग मॅडमचा चेहरा दिसला आणि ते विरून गेलं.

मॅडमनी लिहायचं थांबवलं. खुर्ची टिल्लीजवळ ओढली, वाकून तिच्या उंचीला आल्या.

"आता आईचं नको, बाबांचंही नको. तुझ्या मनातलं सांग. काही चुकत नाही त्यात."

टिल्लीनं वळून आईकडे पाहिलं. बाईंच्या घशाशी शब्द आला होता. नियम आठवून त्यांनी तो गिळला. हात मात्र खुर्चीवरून अर्धवट उचलला गेला, तो त्यांनी पदरात लपवला.

टिल्लीनं पुन्हा मॅडमकडे तोंड केलं. त्यांचा चेहरा ती नीट न्याहाळत होती.

"तुमच्याकडे काय म्हणायचं असतं?" तिनं विचारलं.

मॅडमनी हातातलं पेन मिटलं.

"सांगा ना," टिल्ली म्हणाली. "मी लगेच पाठ करते."