हळदीवरचा जांभळा रंग

मंगलच्या तोंडावर वांग होतं, आणि बेळगुंदीत तिला ‘वांगाची मंगल’ म्हणायला कुणी कचरत नसे. दुसऱ्या बाळंतपणात उठलेले ते डाग रताळ्याच्या शेतातल्या उन्हानं पक्के केले होते. अशा बाईनं मेकअप शिकायला शहरातल्या खासबागेत जायचं ठरवलं, तेव्हा गावाला आठवडाभर पुरेल एवढं हसू मिळालं.

“आधी आपलं तोंड आरशात बघ म्हणावं,” असं तिची थोरली नणंद मालुबाई चारचौघींत म्हणाली. आता मंगल आरशातच तर बघत होती! क्लासच्या शालन मॅडम मूळच्या निपाणीच्या. बोलायच्या कमी, पण शिकवायच्या नीट. डाग झाकायचा तर आधी त्याचा रंग मारायचा आणि मग वरून कातडीचा रंग द्यायचा. काळपट डागाला नारिंगी, लाल पुळीला हिरवा, पिवळेपणाला जांभळा. नुसतंच वर थापलं की डाग राखाडी होऊन आणखी उठून दिसतो. मंगलनं हा धडा स्वतःच्या गालावर घोकला. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की खिडकीत बसायची. लावायची, पुसायची, पुन्हा लावायची. तीन महिन्यांत नारिंगी डबी तळाला गेली. जांभळ्या डबीला मात्र बोटसुद्धा लागलं नव्हतं.

“पिवळं तोंड कुणाचं असतंय, मॅडम?” असं तिनं एकदा विचारलं होतं. मॅडम नुसत्या हसल्या होत्या.

मग दिराच्या मुलीचं, रचनाचं लग्न ठरलं. रचनाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि हनुवटीवर पुळ्यांचे डाग. “मेकअप माझी काकूच करणार,” असं पोरीनं सांगून टाकलं आणि घरात वादळ उठलं. मंगलच्या नवऱ्यानं, जोतिबानं, शेवटी तोड काढली. “एकडाव करून बघ. जमलं तर गावातल्या नवऱ्या तुझ्याकडंच येतील. न्हाय जमलं तर मेकअपची पेटी माळ्यावर टाकायची आणि पुन्यांदा नाव काढायचं न्हाय.”

“व्हय,” मंगल म्हणाली. तिला कबूल होतं. नाही तरी हसणाऱ्यांची तोंडं बंद करायला दुसरा रस्ता कुठं होता?

लग्नाच्या पंधरा दिवस आधी तिनं रचनाच्या चेहऱ्यावर सगळं करून पाहिलं. कुठला रंग किती, हे वहीत लिहून ठेवलं. फोटो मॅडमना पाठवला आणि त्यांचं ‘छान’ असं उत्तर आलं. मंगल निर्धास्त झाली. चूक झाली ती इथंच.

लग्न हिंडलग्याच्या एका कार्यालयात होतं. सकाळी नऊला मंगल पेटी घेऊन नवरीच्या खोलीत शिरली आणि रचनाकडं बघून दारातच थबकली. पोरगी नखशिखांत पिवळीधमक! या घरात पुडीतली हळद चालत नाही. शेतातली हळद घरच्या जात्यावर दळायची, तेलात कालवायची आणि नवरीनं ती रात्रभर अंगावर ठेवायची. आत्या म्हणून मालुबाईनं ती अशी चोळली होती की पोरीची कातडी नारळाच्या दोरीनं घासल्यागत दिसत होती. आणि ती हळद दळायला जात्यावर कोण बसलं होतं? खुद्द मंगल. गाणी म्हणत, दोन्ही हातांनी खुंटा धरून दळली होती तिनं. पण वहीतला हिशेब विनाहळदीच्या तोंडाचा आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

तिनं वहीबरहुकूम डोळ्यांखाली नारिंगी लावलं. पिवळ्यावर नारिंगी बसलं आणि रचनाला कावीळ झाल्यासारखं दिसू लागलं. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. पोरीचे गाल लाल झाले.

मालुबाई याचीच वाट बघत होती. शहरातली एक पार्लरवाली तिनं आधीच बोलावून कोपऱ्यात बसवली होती. “झालं तुझं? आता पोरीच्या तोंडावर आणि प्रयोग नगोत. ऊठ.”

रचनाचे डोळे भरले. मंगलला क्षणभर वाटलं, उठावं. पेटी उचलावी, माळ्यावर टाकावी आणि रताळी काढायला जावं. मग तिची नजर पेटीतल्या त्या कोऱ्या जांभळ्या डबीवर गेली आणि तिचा तिलाच राग आला. पिवळं तोंड कुणाचं असतंय म्हणे! आमच्यातल्या प्रत्येक नवरीचं असतंय की!

“आक्का, पोरीच्या तोंडावर न्हाय करत,” ती म्हणाली. “माझ्या तोंडावर करतो. अकरा वाजूस्तोवर थांबा.”

आणि खोलीभर बायकांच्या देखत तिनं आपला डावा गाल तेलानं पुसला. सकाळी जीव लावून झाकलेलं वांग उघडं पडलं. कुणीतरी फिसकन हसलं. मंगलच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण हात थांबला नाही. कोपऱ्यातल्या ताटातली उरलेली हळद घेऊन तिनं गालावर खसखसून चोळली. रचनाला म्हणाली, “तू खोबऱ्याच्या तेलानं तोंड हळूहळू पूस. घासायचं न्हाय.”

पहिला जांभळा हात जास्त झाला. गाल राखेसारखा दिसला. पुसला. दुसऱ्यांदा तिनं ओल्या स्पंजला जेमतेम रंग लावला आणि नुसता टेकवत गेली. पिवळा हळूहळू मेला. नारिंगी आता जड जात होतं, म्हणून त्याहून फिकट असा पीच रंग घेतला. त्यावर कातडीचा रंग. खिडकीच्या उजेडात तिनं गाल वळवून बघितला. हळद गेली होती, वांगही गेलं होतं. पार्लरवाली आपणहून उठून जवळ आली आणि निरखून म्हणाली, “बरं बसलंय की.”

मालुबाई रचनाजवळून बाजूला सरली. तेच पुष्कळ होतं.

कुठला थर किती बसलाय ते बघत मंगलनं गालावरचा रंग भराभर पुसून टाकला. आता पाळी रचनाची होती आणि वेळ थोडाच उरला होता. त्यानंतर तिला कशाचंच भान नव्हतं. पावणेबाराला नवरी बाहेर आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हळदीचं तेज होतं, पण हळद नव्हती. डोळ्यांखालचा काळपटपणा शोधूनही सापडला नसता.

अक्षता पडल्या. मंगल मागं खांबाजवळ उभी होती आणि तेव्हा कुठं तिला आपल्या गालाची आठवण झाली. उजवा गाल नीटनेटका, डाव्यावर वांग आणि त्यावर पिवळीजर्द हळद. तिनं पटकन पदर ओढून घेतला.

तेवढ्यात नवरदेवाची आई मालुबाईला विचारताना तिला ऐकू आली, “नवरीचा मेकअप कुणी केला हो? आमच्या धाकटीचं बी लगीन हाय माघात.”

मालुबाईनं मान वळवून मंडपभर पाहिलं. ‘वांगाची’ हे वर्षानुवर्षांचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं असणार.

“आमच्या मंगलनं,” मालुबाई म्हणाली. “ती बघा, खांबाजवळ. पदराआड गालाला हळद लागलीय न्हवं, ती.”

मंगलनं पदर खाली सोडला आणि ती पुढं झाली.